मेंढीच्या पुठ्ठ्यावरची फुली

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला सोलापुरात सगळ्या वर्गासमोर मी एका रबरी माणसाच्या पायावर गुडघा दाबला. कमरेवर इंजेक्शन कसं द्यायचं, याची सराव परीक्षा होती. डमी पालथी पडलेली, माझ्या हातात सिरिंज, आणि डावा गुडघा आपसूक वर गेला. आमच्या घरी मेंढरं. मेंढराला सुई टोचायची तर आधी त्याला गुडघ्यात धरायचं, हे मी लिहायला शिकायच्या आधीपासून करत आलेली.

"अगं, पेशंट पळून नाही जाणार!" मॅडम म्हणाल्या. मुली खो खो हसल्या. मागून एकीने "ब्यां" केलं. मी इतकी चिडले की पुढच्या एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. उत्तरं येत नव्हतीच, ही गोष्ट वेगळी. पोषण हा विषय मला सोपा जायचा. भाकरी, डाळ, शेंगदाणे यांत काय असतं हे एकदा कळलं की झालं. स्नायूंची नावं मात्र डोक्यात टिकत नव्हती. ग्लुटियस मॅक्सिमस, ग्लुटियस मीडियस घोकत जेवायला जावं आणि परत येईपर्यंत पाटी कोरी. सराव परीक्षेत मी नापास झाले. वार्षिक परीक्षेतही तेच झालं असतं तर अख्खं वर्ष पुन्हा करावं लागलं असतं.

सुट्टीत सांगोल्याकडच्या आमच्या वाडीवर गेले. माझं पडलेलं तोंड बघून आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, काय झालं विचारलं. मी सगळं सांगितलं, गुडघ्यासकट. ते हसले नाहीत हे त्यांचं नशीब, मी आधीच पेटलेली होते.

"कमरंला सुई? आपल्या लंगडीला बघ की," ते म्हणाले. "कुणीतरी तिच्या मागच्या पुट्ट्यात सुई घातली, तवापासनं पाय वडती. म्हणून मी सुई घेत न्हाय. ताप आला तर गोळी."

हे खरंच होतं. इंजेक्शनचं नाव काढलं की आप्पा चपला हातात घेऊन दवाखान्यातून पसार व्हायचे.

मी लंगडीला, आमच्या त्या पाय ओढणाऱ्या मेंढीला, धरलं, अर्थातच गुडघ्यात, आणि दोन्ही मांड्यांवरून हात फिरवला. एक मांडी भरलेली. दुसरीच्या मागच्या बाजूला मांसच नव्हतं, थेट हाड लागत होतं. नसेला इजा झाली की तिच्यावर चालणारे स्नायू वाळतात, असं पुस्तकात मी कितीतरी वेळा वाचलं होतं. आता ते माझ्या बोटांना कळत होतं. मला लंगडीची फार दया आली आणि त्याच क्षणी आनंदही झाला, हे कबूल करते.

इंजेक्शनसाठी पुठ्ठ्याचे, म्हणजे कुल्ल्याचे, चार भाग कल्पायचे असतात, एक उभी रेघ आणि एक आडवी. वरचा बाहेरचा भाग सुईचा, बाकीच्या तिन्हींकडे फिरकायचं नाही. कळपावर खूण करायचा गेरू घरात होताच. मी मेंढीच्या पुठ्ठ्यावर फुली ओढायची, स्वतःच्या मांडीवर पुस्तकातलं माणसाचं चित्र उघडायचं आणि एकेक स्नायू म्हणत जायचं. मेंढीची आणि माणसाची ठेवण सारखी नसते, एवढं मलाही कळतं. पण फरक शोधता शोधताच नावं पक्की झाली. आठवड्याभरात निम्मा कळप फुल्या घेऊन चरत होता.

"करणी केली का काय कुणी?" शेजारच्या काकांनी घाबरून विचारलं.

"न्हाय. पोरीची परीक्षा हाय," आप्पा म्हणाले.

मला एसटीत बसवताना ते खिडकीशी आले. "पास झालीस तर तुज्या हातची सुई घीन. कमरंलाच."

वार्षिक परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाई कडक होत्या. मी डमीवर जागा शोधली, दोन्ही पाय जमिनीवर रोवून ठेवले आणि सुई दिली.

"इथंच का?"

मी आधी पुस्तकातलं सांगितलं. स्नायूची जाडी, सायटिक नस, रक्तवाहिन्या. तिथंच थांबायला हवं होतं, पण मी कसली थांबतेय! लंगडीची हकीकत सुरू केली. आमच्या मॅडमनी डोळे वटारले. परीक्षक बाईंनी मात्र पेन खाली ठेवलं.

"कोणते स्नायू वाळले होते?"

"मांडीच्या मागचे." मी नावं घेतली, एकही चुकलं नाही.

"मग ती चालायची कशी?"

मी एप्रन सांभाळत, एक पाय ओढत परीक्षेच्या खोलीभर चालून दाखवलं. या वेळी कुणीच हसलं नाही.

"पुरे. हिला समजलंय," बाई म्हणाल्या.

सगळ्या विषयांत पास झाले आणि त्या प्रात्यक्षिकात वर्गात पहिली आले. ब्यां करणारी मुलगी पेढा मागायला आली. दिला, पण आधी तिच्याकडून पुन्हा ब्यां करून घेतलं.

नंतर घरी गेले तेव्हा आप्पा तापाने फणफणले होते. डॉक्टरांनी कमरेवरचं इंजेक्शन लिहून दिलं. उपकेंद्रातल्या सिस्टर माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि सुई माझ्या हातात दिली.

"गोळी न्हाय का?" आप्पा पुटपुटले.

"शब्द दिलाय तुमी."

ते भिंतीकडे तोंड करून पालथे झाले. मी मनातल्या मनात फुली ओढली.

"झालं?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"कवाच!"

सिस्टर माझ्या डाव्या गुडघ्याकडे बघत होत्या. तो आप्पांच्या पायावर घट्ट दाबलेला होता.

"हा पेशंट पळणारा आहे," मी म्हणाले.