सरांचं एकट्याचं मत

मूल खोलीत आलं की सर आपली खुर्ची त्याला द्यायचे आणि स्वतः पहिलीच्या मुलांच्या बुटक्या बाकावर बसायचे. "बस भो, आज तू साहेब," एवढंच म्हणायचे. सहा फुटी देह आणि हनुवटीला टेकलेले गुडघे. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही हसू आवरलं नसतं. मुलांनाही आवरायचं नाही, आणि हसलेलं मूल मग बोलायचं.

सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या एका मराठी शाळेत ते आधी पीटीचे शिक्षक होते, मग समुपदेशक झाले. मूळचे धुळ्याकडचे. गळ्यातली शिट्टी गेली तरी आवाज मैदानातलाच राहिला होता. मुलांनी सांगितलेलं मात्र त्या आवाजात कधी कोणाच्या कानावर आलं नाही.

मी बी.एड.ला शिकवते. मुलांच्या कोणत्या प्रश्नावर आधी संशोधन व्हावं, हे शहरातल्या समुपदेशकांच्या एकमताने ठरवायचं होतं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. अभ्यास एकाच प्रश्नाचा होणार होता, बाकीचे मागे राहणार होते. फॉर्म तीनदा भरायचे. प्रत्येकाने यादीतल्या प्रश्नांना एकट्याने गुण द्यायचे, हवा तर नवा प्रश्न घालायचा, आपसात बोलायचं नाही. दरवेळी सगळ्यांची मतं, कारणांसकट, नाव न सांगता सगळ्यांना कळवायची, म्हणजे ज्याला वाटेल त्याने मत बदलावं. कोणतं मत कोणाचं, हे फक्त मला माहीत.

सरांचा पहिला फॉर्म आला तो सात वेगवेगळ्या अक्षरांत. पठ्ठ्याने तो मुलांमध्ये फिरवला होता. नियमांच्या बाबतीत मी जरा खडूस आहे, फोनवर त्यांना चांगलंच फैलावर घेतलं.

"मॅडम, माझं मत एकट्याचं कुठून असणार? मला जे येतं ते या पोरांनीच शिकवलं," ते म्हणाले. पण नवा फॉर्म मुकाट्याने एकट्याने भरून पाठवला.

त्यात त्यांनी यादीत नसलेला प्रश्न घातला होता: वर्षाच्या मधेच गावाहून आलेली मुलं गप्प का होतात? बापाला मिलमध्ये काम लागतं, बिऱ्हाड खानदेशातून सुरतेला येतं. घरी अहिराणी, वर्गात पुस्तकी मराठी, गल्लीत गुजराती. मूल तोंडच उघडत नाही, आणि आपण शिक्षक म्हणतो, किती शहाणं आहे.

दुसऱ्या फेरीत परीक्षेची भीती आणि मोबाइल वर, सरांचा प्रश्न तळाला. अशा वेळी बहुतेक लोक बहुमताकडे सरकतात. सर तसूभरही हलले नाहीत. कारणाच्या जागी लिहिलं, "परीक्षेला घाबरलेलं मूल आपल्याकडे येतं. हे मूल येत नाही, म्हणून ते आपल्याला दिसत नाही."

तिसऱ्या फेरीचे फॉर्म उघडून मी गुणांची बेरीज केली. तळातला तो प्रश्न पहिला आला. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

निकालाच्या सभेत एक ज्येष्ठ समुपदेशक बाई उभ्या राहिल्या. "हे मूल येत नाही, या एका कारणाने माझं मत बदललं. ते लिहिलं कोणी?" त्यांनी विचारलं. मी नियमावर बोट ठेवलं. शेजारी बसलेले सर तोंडातलं खमण गिळून म्हणाले, "कोणी का असेना, माणूस हुशार दिसतो." मी फाइल तोंडापुढे धरून हसले.

उन्हाळ्यात सर निवृत्त होऊन गावी गेले. जुलैत अभ्यास सुरू करायला मी त्यांच्या शाळेत गेले तेव्हा नव्या समुपदेशक बाईंनी त्यांची एक वही पुढे केली. मधेच आलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, गाव, आणि ते पहिल्यांदा कधी, कोणाशी बोललं. "पाणीवाल्या मावशीशी." "कुत्र्याशी." सरांची फार आठवण आली. शेवटचं नाव दिवाळीनंतर आलेल्या एका मुलीचं होतं. त्यापुढे पेन्सिलीने लिहिलं होतं, "अजून नाही. घाई करू नये."

ही कोणती, मी विचारलं. नव्या बाईंनी खिडकीतून बोट दाखवलं. लंगडीत बाद झालेली एक मुलगी, मी बाद नाहीच म्हणून, अर्ध्या अहिराणीत, अर्ध्या गुजरातीत अख्ख्या गटाशी भांडत होती.

मी वहीत त्या दिवसाची तारीख घातली. आणि कोणाशी, त्यापुढे लिहिलं: सगळ्यांशी.