खाडीपलीकडचे एकोणीस दिवस

डॉक्टरांनी कागदावर एक नळी काढली आणि मधोमध पेन टेकवलं. "कार्सिनोमा ऑफ इसोफेगस. म्हणजे अन्ननलिकेचा कॅन्सर. यकृतापर्यंत पसरलाय. ऑपरेशनचा उपयोग नाही."

आमचे हे बाहेर बाकड्यावर बसले होते. मी जाऊन सांगितलं, "अल्सर आहे म्हणे. औषधानं बरा होईल." ते नुसते हसले.

पुढचे चार महिने बोरीवलीच्या आमच्या खोलीत मी त्यांची नर्स झाले. पेज गाळायची, अंग पुसायचं, कूस बदलायची. कळ आली की ते उशी दातांत धरायचे आणि मी भिंतीकडे बघायचे. आम्ही बोलणंच सोडलं होतं. तोंड उघडलं तर अल्सरचं खोटं उघडं पडेल, ही मला भीती.

शेवटी डॉक्टरांनीच सुचवलं, खाडीपलीकडे गोराईला सिस्टर लोकांचं एक घर आहे. "हॉस्पिस म्हणतात. शेवटच्या दिवसांतल्या माणसाला सांभाळणारी जागा. तिथे बरं करत नाहीत, पण दुखूही देत नाहीत."

मला वाटलं, नवऱ्याला टाकायलाच निघाले मी. होडीत मी रडत होते. हे पाण्यात बोटं सोडून बसले होते.

तिथे सिस्टर लुसींनी मॉर्फिनचं औषध सुरू केलं. मॉर्फिन म्हणजे अफूपासून केलेलं जबरदस्त वेदनाशामक. दुखायची वाट बघायची नाही, दर चार तासांनी द्यायचं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या कपाळावरची आठी गेली.

मी सवयीनं अंग पुसायला भांडं उचललं. सिस्टरनी ते हातातून काढून घेतलं. "नर्स आम्ही आहोत ना इथे. तुम्ही बायको व्हा. बसा जवळ."

बसले. रिकाम्या हातांचं काय करायचं तेच कळेना. छतावर खाडीच्या पाण्याचा उजेड हलत होता. हे अर्धवट झोपेत वडिलांच्या होडीबद्दल, माडांबद्दल काहीबाही सांगत होते. आजारात त्यांच्या तोंडी गावची मालवणी परत आली होती. दुपार आहे की सकाळ, मला समजेनासं झालं. त्या गुंगीतच मी बोलून गेले, "अहो, तो अल्सर नव्हता. मी खोटं बोलले."

डोळे न उघडता ते म्हणाले, "माका म्हायत आसा. तुझा त्वांड बघूनच कळलेला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढ्या मेहनतीन खोटा बोलत होतंस. मोडूचा कसा?"

मी हसले की रडले, आठवत नाही. त्यानंतर मात्र आम्ही बोलतच राहिलो. मूल झालं नाही, याबद्दलसुद्धा. तीस वर्षांत पहिल्यांदाच. घोट उतरत नव्हता, म्हणून सिस्टर कोकमाच्या पाण्याचा बर्फ करून द्यायच्या. मी त्याचा खडा त्यांच्या जिभेवर ठेवायचे आणि ते लहान मुलासारखे ओठ चाटायचे.

एकोणिसाव्या सकाळी, ओहोटी लागता लागता ते गेले. हात माझ्या हातात होता. कोणी घाई केली नाही. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "हवं तेवढं बसा."

तुमच्या घरी असं दुखणं आलं, तर अशा जागी नेणं म्हणजे माणसाला टाकणं नव्हे. मला तिथे माझा नवरा परत मिळाला. फक्त खरं लवकर बोला. आम्हाला एकोणीस दिवस मिळाले. त्याआधीचे चार महिनेही आमचेच होते, ते त्या खोट्यापायी गेले.