बेलच्या जागी उजेड

ऑफिसात त्याला सगळे कर्सर म्हणत. अंगाने काडी, उभा राहिला की नुसती रेघ, आणि बोलताना पापण्या अशा लवायच्या की पडद्यावर लुकलुकणारी ती खूण आठवावी. त्याला या नावाचा राग नव्हता. नाव ठेवणाऱ्यांपैकी निम्म्यांना पडद्यावरचा कर्सर हलवतं कोण हेच माहीत नव्हतं.

हलवायचा हाच. पाणीपुरवठ्याच्या नियंत्रण कक्षात नऊ टर्मिनलं होती. काळा पडदा, हिरवी अक्षरं, चित्रबित्र काही नाही. सगळी वेगवेगळ्या साली वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतलेली, त्यामुळे नऊ जावा एका स्वयंपाकघरात नांदाव्यात तसा प्रकार. एकाला पडदा पुसायला जो संकेत चाले, तोच दुसऱ्याला दिला की ते पडदाभर कचरा छापून मोकळं. म्हणून कर्सरने एक फाइल लिहिली होती. कुठल्या टर्मिनलचा पडदा कसा पुसायचा, अमुक ओळीत अमुक रकान्यात कसं जायचं, बेल कशी वाजवायची, सगळं तिच्यात. वरचा मोठा प्रोग्रॅम नुसता म्हणे, बेल वाजव. कर्सरची छोटी छोटी रुटीन्स, म्हणजे प्रोग्रॅमच्या हाताखालचे तुकडे, फाइलीत डोकावून त्या टर्मिनलची रीत शोधत आणि तेवढाच संकेत पुढे पाठवत. काम बिनचूक झालं की ते कोणाला दिसतही नसे. कर्सरला हे फार आवडायचं. लपून राहायची हौस माणसाला कुठे नेते हे त्याला तेव्हा कळलं नव्हतं.

सात नंबरच्या टर्मिनलवर ताई बसत. कक्षातल्या सगळ्यात जुन्या ऑपरेटर. कर्सर नोकरीला लागला तेव्हा पंप कोणता, टाकी कोणती, कुठल्या आकड्याला घाबरायचं आणि कुठल्याकडे कानाडोळा करायचा, हे त्याला त्यांनीच शिकवलं. एका दुपारी त्यांनी त्याला जवळ बोलावलं.

"कर्सर, एक सांगते. पोटात ठेवशील?"

"ठेवतो, ताई."

"मला समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. नळीतून बघितल्यासारखं. डॉक्टर म्हणतात, नळी हळूहळू आवळत जाणार."

कर्सरने नकळत त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"तोंड पाडू नकोस. माझी दोनच वर्षं राहिलीत, तेवढी निघाली की झालं. टाकी भरत आल्याचा इशारा येतो ना अगदी खालच्या ओळीत, तो रजिस्टर लिहिताना माझ्या नजरेतून सुटतो. तुझ्या या डबड्याला आवाज काढता येत नाही का रे?"

येत होता. कर्सरने त्याच संध्याकाळी फाइलीत सात नंबरच्या नोंदीत टाकीच्या इशाऱ्याला बेल जोडणारी ओळ घातली. टाकी काठाला आली की टर्मिनल टिंग करी, दर मिनिटाला एकदा, ताई बटण दाबेपर्यंत. कोणाला विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही. आता कोणी म्हणेल, डोळे जाणाऱ्या बाईला अशा जागी बसवून ठेवणं हेच मुळात चूक. म्हणोत बापडे. पण चौदा महिने ताईंच्या पाळीत एक टाकी वाहिली नाही, आणि डोळे धडधाकट असणाऱ्यांच्या पाळीत तीन वाहिल्या.

मग नवे साहेब आले. त्यांची केबिन सात नंबरच्या पाठीमागे, मध्ये पातळ फळी. एका शनिवारी दुपारी ते कर्सरच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"ही टिंगटिंग बंद करा बुवा. डोकं उठतं. आणि एकाच मशीनला कशाला?"

खरं कारण सांगावं तर ताई उघड्या पडतात. न सांगावं तर कारणच नाही. "जुनी ओळ राहून गेली असेल," असं काहीतरी तो पुटपुटला.

"मग काढा. इशारा दिसला म्हणजे झालं."

साहेब तिथेच उभे. कर्सरने बेलच्या ओळीपुढे खूण घालून ती निकामी केली आणि खाली दुसरी लिहिली: आवाजाऐवजी पडदा क्षणभर उलटा करायचा, काळ्याचं हिरवं, हिरव्याचं काळं. चांगले डोळे असणारा माणूस दुसरीकडे बघत असला तरी असा झपकारा त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतो. ताईंच्या डोळ्यांना कोपरेच उरले नव्हते. हे जगात कर्सरइतकं कोणाला माहीत नव्हतं, आणि ओळ त्यानेच लिहिली.

ताई तेव्हा घरी गेलेल्या होत्या. त्यांना सांगायला हवं, हे त्याला जिना उतरतानाच आठवलं. रविवारीही दोनदा आठवलं. त्यांचं घर चालत अर्ध्या तासावर. पण साहेबांपुढे आपण शेपूट घातली हे त्यांच्या तोंडावर सांगायचं त्याच्या जिवावर आलं. सोमवारी त्यांची पाळी सहाला सुरू होते, आपण सहालाच जाऊ, असं त्याने ठरवलं. सोमवारी त्याला जाग आली साडेसातला.

टाकी सात वाजून गेल्यावर वाहू लागली. ताई रजिस्टर लिहीत होत्या आणि पडदा त्यांच्या कानाशी मुकाट्याने झपकारे मारत होता, वीस मिनिटं. टेकडीखालच्या चार घरांत पाणी शिरलं, अंथरुणं भिजली, एका शिंप्याच्या मशीनची मोटर जळाली. माणूस कोणी दगावलं नाही, ही नशिबाची गोष्ट. त्यात कर्सरचं काही कर्तृत्व नाही.

चौकशी झाली. कर्सरला आत बोलावलं. ताई बाहेरच्या बाकावर, दार उघडं.

"सात नंबरचं टर्मिनल व्यवस्थित चालत होतं का?"

"हो."

"इशारा पडद्यावर येत होता?"

"येत होता."

दोन्ही उत्तरं खरी होती. खोटं न बोलता एखाद्याचा गळा कापता येतो, हे तो त्या दिवशी शिकला. ताईंच्या डोळ्यांची तपासणी झाली आणि आठवड्याभरात त्या घरी बसल्या. निरोपाच्या दिवशी त्या त्याच्याजवळ आल्या, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सुखी राहा." हा मूग गिळून उभा.

यावर बारा वर्षं गेली. त्याचं लग्न झालं, त्याला बढती मिळाली, केस पिकले. ताईंकडे तो एकदाही गेला नाही. रस्त्यात त्यांच्यासारखी पाठ दिसली की गल्ली बदलायचा. बायको म्हणायची, "तुम्ही चालताय की लपताय?" आणि तो हसून वेळ मारून न्यायचा. हसणं हा त्याचा आणखी एक गुन्हा, असं त्याला वाटे.

अखेर टर्मिनलं मोडीत निघाली. जुन्या फायली छापून नव्या माणसांच्या हवाली करायच्या, असा हुकूम आला. सात नंबरची नोंद छापून बाहेर आली. वर निकामी केलेली बेल, खाली झपकाऱ्याची ओळ, शेजारी तारीख, सगळं त्याच्याच हातचं. बारा वर्षांत ती वरची ओळ पुसायचं धाडस त्याला झालं नव्हतं. कागद घडी करून त्याने खिशात घातला, अर्धी रजा टाकली आणि चालत सुटला.

दार ताईंच्या धाकट्या बहिणीने उघडलं. ताई खिडकीशी बसल्या होत्या, आता समोरचंही दिसत नव्हतं. कर्सरचा आवाज ऐकताच त्यांचा चेहरा उजळला. "कर्सर? अरे, किती वर्षांनी! बस, बस." बहिणीकडे वळून म्हणाल्या, "हाच तो. चौकशीत माझ्यासाठी गोष्ट लपवली. आवाजाचं चकार शब्दाने सांगितलं नाही, नाहीतर माझं पेन्शनही गेलं असतं आणि त्याची नोकरीही."

कर्सर बसला होता तो उठून उभा राहिला.

"ताई, त्या दिवशी..."

"त्या दिवशी चूक माझीच. बेल वाजली असणार, मला ऐकू आली नाही. कान तपासले, ते ठणठणीत. म्हणजे माझं डोकंच मध्ये कुठेतरी निघून जातं, मला पत्ता न लागू देता. तेव्हापासून मी स्वतःच्या भरवशावर काही ठेवलं नाही बघ."

"बेल वाजली नाही," कर्सर म्हणाला. त्याला वाटलं होतं, इतकी वर्षं दाबलेलं बाहेर यायला ओढाताण होईल. चार वाक्यांत संपलं. "मी ती शनिवारी काढली होती. साहेबांनी सांगितलं म्हणून. तुम्हाला रविवारी सांगता आलं असतं, मी आलो नाही. चौकशीतही मी तुम्हाला वाचवत नव्हतो, ताई. स्वतःला वाचवत होतो."

बहीण दारात थिजली. खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलचं दुकान उघडत होतं, शटर वर गेल्याचा आवाज आला. ताईंनी मान तिकडे वळवली आणि तशीच ठेवली.

"म्हणजे मी जागी होते," त्या म्हणाल्या.

"हो."

"माझं डोकं कुठे गेलं नव्हतं."

"नाही, ताई."

"सुनेला तेव्हा दिवस होते." त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून कर्सरला तो सोसवेना. "मुलगा म्हणाला, आई, तू आमच्याकडे राहायला ये, बाळाला तुझ्याजवळ ठेवू, म्हणजे हिला कामावर जाता येईल. मी नको म्हटलं. दिसत नाही त्याचं काही नाही रे, आंधळ्या बायकाही पोरं वाढवतात. पण बाळ रडलं आणि मला ऐकूच आलं नाही तर? कारण नाही सांगितलं मी त्याला, लाज वाटली. सुनेला वाटलं, म्हातारीला नकोय. ते दूर गेले राहायला. फोन येतो अधूनमधून."

"ताई, मी त्यांना भेटतो. सगळं सांगतो. आजच जातो. त्यांना कळलं की..."

"जा. सांग."

तो दाराकडे वळला. ताईंनी बहिणीला हाक मारली.

"काय गं वय असेल आता पोरीचं?"

"अकरा सरलं," बहीण म्हणाली.

"अकरा." ताईंनी मान हलवली. मग कर्सर उभा होता त्या बाजूला तोंड करून म्हणाल्या, "आता ती रात्री रडून कोणाला उठवत नसेल."