परतीचा माल

त्याला सगळे कासव म्हणत, आणि म्हणणाऱ्यांची तरी काय चूक? ट्रेलरवर पोकलेन साखळ्यांनी जखडला की हा गडी गाडी अशी चालवायचा, की मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकून जात. सगळं आयुष्य त्याने हेच केलं. अवजड मशीन एका कामावरून उचलायचं, दुसऱ्या कामावर उतरवायचं आणि रिकामा ट्रेलर घेऊन शेकडो किलोमीटर घरी यायचं.

हे रिकामं येणं त्याच्या लेकीने पकडलं. शाळेत होती तेव्हा. "बाबा, ट्रेलरवर तर काहीच नाही. मग एवढा धूर कशाला सोडत आलात?" कासवाची बायको पोर लहान असतानाच गेलेली, घरात बोलायला ही एकटीच, त्यामुळे तिने विचारलेलं त्याच्या डोक्यातून जात नसे. पुढे मालकाने सगळ्या ड्रायव्हरांना बोलावलं आणि धूर नि डिझेल कसं कमी करायचं ते विचारलं, तेव्हा कासव उभा राहिला. परतीचा माल मिळाल्याशिवाय ट्रेलर हलवायचा नाही आणि गाडी थांबली की इंजिन बंद, असं त्याने ठणकावून सांगितलं. टाळ्या पडल्या. मालकाने लगेच नियमच करून टाकला.

नियम चांगला होता हो, त्याला नावं ठेवायला जागा नाही. डिझेल वाचलं, धूर घटला. पण परतीचं मशीन काय तुमची वाट बघत दारात उभं असतं? कधी दोन दिवस लागायचे, कधी आठवडा. गाडी सोडून जावं तर बॅटऱ्या नि चाकं पळवायला चोर टपलेले. म्हणजे ड्रायव्हरने परक्या गावाबाहेर, कुठल्यातरी मोकळ्या मैदानात, केबिनमध्ये एकट्याने बसून राहायचं.

त्यांच्यात एकजण होता, अखंड बडबडायचा म्हणून त्याचं नाव रेडिओ. तो असाच अडकला आणि त्याची आई आजारी पडली. रिकामाच येऊ का, म्हणून त्याने फोन केला. मालक विरघळलाही होता, पण नियम ज्याने सुचवला त्याला विचारू म्हणाला. आणि कासवाने ऑफिसात सगळ्यांदेखत नाकाने कांदे सोलले. "आज आई, उद्या मावशी. एकाला सोडलं की नियम मेलाच म्हणून समजा."

रेडिओला क्रेन मिळाली, तो घरी पोचला, तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानंतर रेडिओ गप्पच झाला. कासव त्याला भेटायला गेला नाही. जाणार तरी कुठल्या तोंडाने?

आणि आता हीच वेळ कासवावर आली होती. लेकीला परदेशात नोकरी लागलेली. रविवारी निघणार ती, तीन वर्षं येणार नव्हती. आणि बापाचा ट्रेलर खडीच्या ढिगांमध्ये उभा, एका रोलरची वाट बघत. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, रोलर सोमवारी सुटेल.

केबिन तापून भट्टी झाली होती. इंजिन चालू केलं तर गार हवा मिळाली असती, बघायला कुत्रंही नव्हतं. तरी त्याने किल्लीला हात लावला नाही.

लेकीचा फोन आला. "बाबा, मालकांना सांगा ना, एकदाच रिकामं येऊ द्या म्हणून."

"नाही गं पोरी."

मग ती म्हणाली, "तुमच्या शर्टांची बटणं लावून ठेवलीत. खालच्या कप्प्यात आहेत."

फोन ठेवून कासव स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. चांगला हुंदके देऊन रडला. मालक नाही म्हणाला नसता, ते त्याला ठाऊक होतं. पण रेडिओच्या आईला जे मिळू दिलं नाही, ते आपल्या लेकीसाठी मागायला त्याची जीभ रेटत नव्हती.

शुक्रवारी दुपारी फाटकातून एक माणूस आत आला. खांद्याला पिशवी, हातात पाण्याची बाटली. रेडिओ.

"उतरा दादा. बसला अजून थोडा वेळ आहे."

"मालकांनी पाठवलं?"

"मीच म्हटलं, मी जातो. लेक चाललीय तुमची, ऑफिसातल्या बाई सांगत होत्या." त्याने किल्ली मागायला हात पुढे केला.

कासव खाली उतरला. "अरे, तुझ्या आईच्या वेळी मी..."

"नियम बरोबरच होता तुमचा," रेडिओ म्हणाला. "ट्रेलर रिकामा पळवायचा नाही. पण ट्रेलर थांबला म्हणून त्याच माणसाने कशाला थांबायचं? दुसऱ्याने बसने येऊन बसावं की. इतकी साधी गोष्ट, पण कुणाच्या डोक्यात आली नाही." तो केबिनमध्ये चढला, बाटली खिडकीशी ठेवली. "माझ्याही नाही आली. आई गेल्यावर आली."

फाटकाशी पोचल्यावर कासवाने वळून पाहिलं. रेडिओ दोन्हीकडच्या काचा खाली करत होता. इंजिन बंदच होतं. मग कासव बस गाठायला पळत सुटला.