पहिल्या टेबलावरची नणंद

आमची शिंपीणबाई तीस वर्षं लोकांचे कपडे शिवते आणि गिऱ्हाईक नसलं की मापाच्या वहीत मागच्या पानांवर गोष्टी लिहिते. तिचं पुस्तक निघालं, तेव्हा वाचन ठेवलं कोपऱ्यावरच्या बारमध्ये. आम्ही मैत्रिणीच इतक्या, की तिच्या दुकानात उभ्यानेही मावलो नसतो.

पहिल्याच टेबलाशी तिची नणंद येऊन बसली आणि बाईचा चेहरा उतरला. वाचायला काढलेली गोष्ट नणंदेचीच होती. हिने नवी नवरी असताना शिवलेला झगा नणंदेने चारचौघांत उसवला होता. दोघींचा अबोला गेल्या वर्षीच सुटला होता.

“दुसरी वाच गं,” मी कुजबुजले.

“हीच चांगली उतरलीय,” म्हणत तिने सुरुवात केली. “‘वहिनी, शिलाई वाकडी आहे,’ नणंद म्हणाली...”

नणंद ताडकन उठली. ग्लास पुसणारा बारवाला जागीच थांबला.

“साफ खोटं! मी म्हणाले होते, वहिनी, हा झगा आहे की बटाट्याचं पोतं?”

सगळा बार हसून लोटपोट झाला. बाईने मात्र कानामागची पेन्सिल काढली आणि छापलेलं वाक्य खोडलं.

“वन्सं, बसा. आणि नीट आठवून सांगा, झगा उसवताना आणखी काय काय म्हणालात?”