फुलासाठी एक कोलंबी

आमच्या आळीत माझ्याबद्दल एक नियम आहे. मी सांगितलेल्या कुठल्याही आकड्याला चाराने भागायचं, आणि गोष्टीत वाघ आला तर बोका समजायचा. मी गळाला लागलेल्या सुरमईची लांबी दाखवायला लागलो की लोक आधी माझे हात धरतात. माझी तक्रार नाही. फक्त ज्या दिवशी मी शंभर टक्के खरं बोललो, नेमकी त्याच दिवशी माझी अब्रू गेली, एवढंच.

सुरुवात झाली ती बैठकीच्या खोलीतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीपासून. समुद्र आमच्या घराला इतका जवळ की भरतीला खेकडे पायरीवर पेपर वाचायला येतात. तरीही मी मिठाची पाकिटं कुरिअरने मागवतो आणि बादलीत ढवळून स्वतःचा समुद्र तयार करतो. पावसाळ्यात खाडी डोंगरातली लाल माती घेऊन उतरते. किनाऱ्यालगतचं पाणी चहाच्या रंगाचं आणि निम्मं गोडं होतं. ते टाकीत ओतलं तर आतल्या सगळ्यांना एकदम मोक्ष. हे शेजाऱ्यांना पटवण्यात माझी निम्मी हयात गेली. ते ऐकून घेतात, चाराने भागतात आणि घरी जातात.

टाकीत दोन पट्टेरी मासे होते. शोभेला दगड हवा म्हणून ओहोटीच्या वेळी मांडवीच्या खडकांतून एक उचलून आणला. त्याच्या पोटाला तपकिरी, चघळून चिकटवल्यासारखं काहीतरी होतं. कुणीतरी थुंकलंय, असा बायकोने निकाल दिला. दोन दिवसांनी दिवेलागणीला त्या थुंकीला बोटं फुटली. बघता बघता शेवंतीएवढं, पाण्याबरोबर डुलणारं काहीतरी उभं राहिलं.

मी फोटो काढून मत्स्यप्रेमींच्या मोबाइल-ग्रुपवर टाकला. एक म्हणाला पोवळं. दुसरा म्हणाला हे तण, आजच उपटा नाहीतर टाकीभर होईल. तिसरा जरा विचारी निघाला. त्याने विचारलं, खाली दगडासारखा कडक सांगाडा लागतो का? मी चाचपून बघितलं. सांगाडा नव्हता. खाली मऊ तळवा, मधोमध एकच तोंड आणि भोवती चिकट बोटांची गर्दी. त्यातलं एक बोट माझ्या बोटाला असं चिकटलं की मी खांद्यापर्यंत आत ओढला जातो की काय असं वाटलं. (इथे चाराने भागायला हरकत नाही.) शेवटी समुद्रफूल यावर एकमत झालं. कुठल्या जातीचं, यावर अजून मारामारी चालू आहे.

समुद्रफूल हा शब्द मला साक्षात देवाने दिला. घरात आता नवा प्राणी नको, आणि एक दिवस जरी वास आला तरी टाकी घराबाहेर, असं बायकोने आधीच बजावलं होतं. फुलाला मात्र तिची हरकत नव्हती. खातं काय, एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, "फूल काय खाणार? उजेडावर जगतं."

हे अर्धं खरं होतं. त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. ते उजेडावर रांधतं आणि त्याला वाढतं. उरलेलं अर्धं खरं म्हणजे आठवड्याला एक कोलंबीचा तुकडा. बायको वाटण वाटत असली की बाजाराच्या पिशवीतून तो मी चिमट्याने परस्पर पोचता करायचो.

मग श्रावण लागला. गटारीला आमच्याकडे कोलंबीचा असा फडशा पडतो की अरबी समुद्राची पातळी खाली जाते. दुसऱ्या दिवशी मात्र तवे घासून पालथे होतात, सोड्यांची, म्हणजे सुक्या कोलंबीची, बरणी फडक्यात बांधून माळ्यावर जाते आणि महिनाभर घरात मासळीचं नावही निघत नाही. यंदा तर बायकोच्या भाचीची पहिली मंगळागौर आमच्याकडे ठरली होती.

अशात विजेच्या लपंडावात टाकीचा दिवा गेला आणि नवा वेळेवर येईना. उजेड बंद, कोलंबी बंद. फूल आक्रसून सुपारीएवढं झालं, पांढुरकं पडलं आणि तोंड वासून बसलं. ग्रुपवर सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, हे लक्षण वाईट. तुकडा घेतला तर वाचेल. मेलं तर पाण्यात विरघळेल, दोन्ही मासे बरोबर नेईल, आणि वास असा सुटेल की भिंतींना रंग काढावा लागेल.

मंगळागौर उद्यावर आली होती. म्हणजे तो दिवस श्रावणी सोमवार.

मी रेनकोट चढवला, हेल्मेटची काच खाली ओढली आणि बंदरावर गेलो. एकच कोलंबी द्या म्हटल्यावर कोळणीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"एकच? भाऊ, उपास सोडायचाय की मोडायचाय?"

आजूबाजूच्या चार टोपल्या हसल्या. त्यात एक हसू ओळखीचं वाटलं. बघतो तर आमच्या आळीतले निवृत्त मास्तर, हातात कापडी पिशवी. सोमवारी सकाळी ते स्वतः बंदरावर काय करत होते, हे आजतागायत कुणी विचारलेलं नाही.

माझ्या स्कूटरच्या आधी बातमी घरी पोचली होती. बायको पडवीत उभी.

"खिशात काय आहे?"

"कोलंबी. पण माझ्यासाठी नाही. फुलासाठी."

 ती म्हणाली, "इतकी वर्षं तुमच्या थापा ऐकते आहे, पण इतकी वाईट कधी मारली नव्हतीत. निदान मांजराचं तरी नाव घ्यायचं."

मी शपथा घेतल्या. आत येऊन डोळ्यांनी बघ म्हटलं. पण बघायचं तर कोलंबी घरात यायला हवी, आणि श्रावणात कोलंबी घरात येणार नव्हती. अशी पंचाईत. शेवटी मी वासाचं सांगितलं. उद्या गौरीपुढे बायका नाकाला पदर लावून बसतील, म्हटलं. ती आत जाऊन सुपारीएवढं झालेलं ते फूल बघून आली, आणि परतली ती रांगोळीचा डबा घेऊन. दारापासून टाकीपर्यंत तिने दोन रेघा ओढल्या, टाकीभोवती गोल फिरवल्या.

"ही खाडी, तो समुद्र. घर रेघेच्या बाहेर. पाय बाहेर पडला तर तुमचं ताट महिनाभर पडवीत."

मी दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्यासारखा खाडीतून समुद्रात गेलो. कोलंबी सोलली, टाकीच्याच पाण्यात विसळली, फुलाच्या तोंडाला बेताचा तुकडा केला आणि चिमट्याने बोटांना टेकवला. काही नाही. माझी उभ्या जन्माची पत त्या सुपारीच्या मर्जीवर टांगलेली, आणि सुपारी ढिम्म. मग एक बोट हललं. चिकटलं. दुसरं आलं. सगळी बोटं आत वळली आणि तुकडा तोंडात गेला.

बायको रेघेबाहेरून, पदर नाकाला लावून बघत होती. म्हणाली, "किती सावकाश जेवतंय बघा. शिका जरा."

दुपारी नवा दिवा आला. मंगळागौरीला फूल पुरतं शेवंतीएवढं नव्हे, पण लहानशा झेंडूएवढं फुललं. वासाचं नाव नाही. बायका गौर सोडून टाकीपुढे गोळा झाल्या. त्यात मास्तरांची बायकोही होती. तिने विचारलं, हे खातं तरी काय? आणि मग माझ्याकडे बघत, गोड आवाजात, "आणि आमचे भावजी काय खातात हो श्रावणात?"

सगळ्या हसल्या. मी निश्चिंत होतो. माझ्याकडे प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होता. मी बायकोकडे बघितलं. ती हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभी होती. तिने टाकीकडे बघितलं, पुसट झालेल्या रांगोळीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"फूल काय खाणार?" ती म्हणाली. "उजेडावर जगतं."

आणि कुंकू लावत पुढे गेली. पुढच्या सोमवारी मी न सांगता रेघा ओढलेल्या होत्या.