उलटा हात

मुरुडच्या बंदरावर मासळीत बर्फ भरणारे आमचे शेजारी कशालाही आधी उलटा हात लावून बघतात. पापलेट असो, स्कूटर असो, चहाचा कप असो.

माझ्या लॉजच्या कॅमेऱ्यांचा छोटा कॉम्प्युटर फार तापायचा. त्याला घालायला पंख्यावाली पेटी आणली, तर खाऱ्या हवेने पंखाच जाम झाला. म्हणून मग बिनपंख्याची, अ‍ॅल्युमिनियमची मागवली. संध्याकाळी शेजारी आले, पेटीला हात लावला आणि सरळ प्लग काढला.

"ताप हाय याला."

"पेटी आतली उष्णता बाहेर ओढते," मी म्हणालो. "ती तापली म्हणजे आतला बरा आहे."

त्यांनी प्लग परत लावला.

"आन् तुमी?" म्हणत तोच उलटा हात माझ्या कपाळावर ठेवला. मला कालपासून कणकण होती. कोणाला बोललो नव्हतो.